गार्डा सरोवरावरचा काइटबोर्डिंगचा वर्ग: वारा चोख, बोट अपुरी

म्युनिकहून आल्प्समधली ब्रेनर खिंड ओलांडून आम्ही जूनमध्ये इटलीतील गार्डा सरोवरावर गेलो, ते केवळ काइटबोर्डिंगच्या, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पायांखालच्या फळीवरून (बोर्डवरून) पाण्यावर सरकण्याच्या खेळाच्या, तीन दिवसांच्या वर्गासाठी. त्याआधीच्या वर्षी ऑस्ट्रियातील नॉयझीडल सरोवरावर मी या खेळाचे पहिले धडे घेतले होते. त्या सरोवराचे पाणी दोन मीटरसुद्धा खोल नाही. तोल गेला की चिखलात पाय रोवून उभे राहायचे, पतंग सावरायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. गार्डाचा तळ मात्र ३४६ मीटरपर्यंत खाली गेलेला आहे, आणि उत्तरेकडच्या अरुंद भागात दोन्ही बाजूंचे कडे जवळजवळ सरळ पाण्यात उतरतात. येथे पाय टेकायला जागाच नसल्यामुळे शिकवण्याची पद्धत मुळापासून बदलते, आणि वर्गाची पारख करताना हीच गोष्ट सर्वांत आधी पाहावी लागते.

ज्या वर्गात मी नाव घातले होते, तो कांपिओने या गावाजवळ बोटीवरून चालतो. कड्याच्या पायथ्याशी साचलेल्या गाळाच्या चिमुकल्या पट्टीवर हे गाव वसले आहे, आणि तिथे एक जुनी सूतगिरणी अजून उभी आहे. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते, त्यामुळे त्या भिंतींपाशी माझा पाय थोडा रेंगाळला.

वाऱ्याबद्दल मात्र बोलावे तेवढे थोडे. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, त्याच तत्त्वाचा डोंगरातला आविष्कार येथे रोज पाहायला मिळतो. रात्रभर थंड झालेली हवा पहाटे उत्तरेकडून दरीतून खाली वाहते, तिला स्थानिक लोक पेलेर म्हणतात. आणि सूर्य वर आला, उत्तरेकडचे उतार तापले, की दुपारी पो नदीच्या मैदानाकडची हवा दक्षिणेकडून आत ओढली जाते, ती ओरा. पहिल्या दिवशी सकाळी सहाला आम्ही बोटीत बसलो, तेव्हा सभोवार पाणी आरशासारखे होते. प्रशिक्षकाने उत्तरेकडे बोट दाखवले. दूर एक काळसर रेघ दिसत होती. ती हळूहळू रुंद होत आमच्याकडे सरकली, आणि ती बोटीपर्यंत पोहोचली त्याच क्षणी माझ्या हातातल्या नऊ चौरस मीटरच्या पतंगाचे कापड ताठ झाले. वारा पाण्यावर असा चालत येताना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

शिकवणुकीबाबत माझे मत फार चांगले आहे. पतंग बोटीवरच पंपाने फुगवतात, दोऱ्या पाण्यात सोडतात, आणि मग आपण उडी मारल्यावर पतंग पाण्यावरूनच उचलतात. हेल्मेटमध्ये बसवलेल्या रेडिओवरून प्रशिक्षकाचा आवाज सतत कानात असतो. पहिला पूर्ण तास त्याने बोर्डला हात लावू दिला नाही; एक हात सुकाणूसारखा पाण्यात ताणून, पतंगाच्या ओढीने वारा येतो त्या दिशेला तिरपे कसे सरकायचे, एवढेच करून घेतले. तेव्हा मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला. पण दुसऱ्या दिवशी बोर्ड पायांतून सुटून तीस-चाळीस मीटर मागे, वारा येतो त्या बाजूला राहिला, तेव्हा तो परत मिळवायला हीच युक्ती कामी आली. त्याचप्रमाणे छातीपुढचा लाल मुठीचा क्विक रिलीज, म्हणजे पतंगाची ओढ एका झटक्यात सोडवणारा खटका, डोळे मिटून दहा वेळा ढकलायला लावला, कारण खोल पाण्यात घाबरलेला माणूस मुठीकडे पाहतच नाही, तो फक्त बार, म्हणजे पतंगाच्या दोऱ्या जोडलेला दांडा, घट्ट आवळून स्वतःकडे ओढतो आणि त्यामुळे पतंगाची ओढ अधिकच वाढते.

गोड्या पाण्याचा अनुभवही नोंदवण्याजोगा आहे. समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत त्याची घनता सुमारे अडीच टक्क्यांनी कमी असते. बोर्डवर उभे असताना हा फरक मला जाणवला नाही, परंतु पाण्यात तरंगत वाट पाहताना जॅकेटचे महत्त्व चांगलेच कळते. डोळे चुरचुरत नाहीत, झिपमध्ये मीठ बसत नाही. तरीही सामान पूर्ण वाळवूनच दुसऱ्या जलाशयावर न्यावे, कारण ओल्या सुटातून शिंपल्यांची पिल्ले एका सरोवरातून दुसऱ्यात जातात, आणि हे वर्गात कोणी सांगितले नाही याचे मला वाईट वाटले.

माझी खरी तक्रार बोटीबद्दल आहे. एका बोटीवर आम्ही चार शिकाऊ होतो आणि प्रशिक्षक एकच. दुसऱ्या दिवशी माझ्या दोऱ्यांचा पीळ पडला, त्या वेळी बोट दुसऱ्या विद्यार्थ्याला आणायला दूर गेलेली होती, आणि मला वीस मिनिटांहून अधिक काळ गार पाण्यात थांबावे लागले. धोका नव्हता, कारण पतंग पाण्यावर पडलेला होता आणि रेडिओवरून धीर मिळत होता. पण जिथे पाय टेकत नाहीत, तिथे बोट हाच किनारा असतो आणि तो चौघांत वाटून घेता येत नाही. दोघांपलीकडे विद्यार्थी घेऊच नयेत, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. तिसऱ्या दिवशी वर्गाची वेळ दुपारची होती. मैदानावर ढग दाटले, उतार तापलेच नाहीत, ओरा आलाच नाही. हा निसर्गाचा भाग झाला. मात्र अशा वेळी पैसे परत मिळत नाहीत, केवळ त्याच हंगामापुरते कुपन मिळते, ही अट पैसे भरताना सांगायला हवी होती.

ज्यांनी पतंग आधी कधी हाताळलेला नाही त्यांनी येथून सुरुवात करू नये. उथळ सरोवरावर चार दिवस घालवून मग यावे. ज्यांना बोर्डवर उभे राहण्यापर्यंत मजल मारता आली आहे, त्यांना हा वर्ग मी आवर्जून सुचवेन. तिन्ही दिवस पहाटेची वेळ मागून घ्यावी, आणि बोटीवर किती जण असतील याचे उत्तर पैसे भरण्याआधी लेखी घ्यावे.