व्हीएनस्टॅट : काही महिने वापरल्यावर, आणि तासांच्या नोंदींबद्दलची माझी तक्रार

नेटचा वापर मोजणाऱ्या आधीच्या मॉनिटर प्रोग्रामने राउटर म्हणून वापरात असलेल्या छोट्या संगणक-बोर्डाचं मेमरी कार्ड पार भरून टाकलं आणि घरातलं नेट ठप्प झालं, तेव्हा मी त्याच कामाचं व्हीएनस्टॅट हे साधन बसवलं. जुन्या मॉनिटरमध्ये प्रत्येक कनेक्शनची वेगळी नोंद व्हायची. जुन्या नोंदी पुसल्या तरी फाइल तेवढीच्या तेवढी. तो नोंदी एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसमध्ये ठेवायचा, आणि त्यात पुसलेल्या नोंदींची जागा फाइलच्या आतच मोकळी राहते, पुढच्या नोंदी तिथे बसतात, पण डिस्कला ती परत मिळत नाही. परत मिळवायची तर व्हॅक्यूम ही फाइल आवळणारी आज्ञा चालवायची, आणि तिलाच मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. कार्ड भरलेलं असताना ती आणायची कुठून? शेवटी फाइल लॅपटॉपवर नेऊन आवळली. "मोठं कार्ड घे," असा सल्ला सगळ्यांनी दिला. मी घेतलं नाही. गेल्या वर्षी कुठल्या मिनिटाला कुठलं कनेक्शन उघडलं, हे साठवायला मी पैसे का मोजू?

व्हीएनस्टॅट पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारे डेटाचे तुकडे, उघडून बघत नाही. कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, प्रत्येक इंटरफेसचे (नेटवर्क जोडणीचे) बाइट आधीच मोजलेले असतात, तेच ते उचलतं आणि ठरलेल्या खणांत टाकतं. मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांचे आकडे 48 तास, तासांचे 4 दिवस, दिवसांचे 62 दिवस, महिन्यांचे 25 महिने, शिवाय सर्वाधिक वापराचे 20 दिवस. बेरीज करा : एका इंटरफेसला जास्तीत जास्त 779 ओळी. वर्षांच्या नोंदी तेवढ्या कायम राहतात, पण त्या वर्षाला एकच. फाइल कुठवर वाढणार हे बसवायच्या आधीच कागदावर मांडता येतं, आणि मला यातलं सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

तरी सुरुवातीला मी याला पाचपैकी दोनच गुण देणार होते, ते त्या 4 दिवसांमुळे. इंटरनेट कंपनीने डेटा मर्यादा संपल्याचं सांगून वेग कमी केला. म्हणे, आठवड्यापूर्वी एका रात्री प्रचंड डाउनलोड झालंय. माझ्याकडे त्या दिवसाची बेरीज होती आणि ती त्यांच्या आकड्याशी जुळत नव्हती. पण ग्राहक सेवेतल्या माणसाला तासावार तपशील हवा होता आणि तो तर केव्हाच पुसला गेलेला. फार चिडचिड झाली. पाच मिनिटांच्या 576 ओळी ठेवायच्या आणि तासांच्या फक्त 96? भांडायला उपयोगी पडतात ते तासच!

मग कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, नीट वाचली. प्रत्येक खणाची मुदत वेगळी बदलता येते : शून्य दिलं तर तो खण बंद, उणे एक दिलं तर अमर्याद. उणे एकच्या वाटेला मी गेले नाही, मागचा त्रास पुरेसा होता. तासांची मुदत 62 दिवस केली, म्हणजे 1,488 ओळी. डीमन (मागे सतत चालणारा व्हीएनस्टॅटचा प्रोग्राम) पुन्हा सुरू केला, झालं. पुसलेलं परत येत नाही, पण पुढच्या वादात संबंधित रात्रीचा तासावार तक्ता पाठवला आणि कंपनीने वेग पूर्ववत केला. दोनाचे चार गुण झाले ते तिथे.

पाचवा गुण देत नाही, कारण मर्यादा दर इंटरफेसला आहे, इंटरफेस किती असावेत याला नाही. डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) वापरत असाल तर कंटेनर उठला की नव्या नावाचा आभासी इंटरफेस तयार होतो. नवे इंटरफेस आपोआप जोडण्याचं सेटिंग मुळात बंद असतं, ते बंदच ठेवा. चालू केलंत तर मेलेल्या इंटरफेसांची रांग लागेल आणि एकेक हाताने काढत बसावं लागेल. एकूण फाइल इतक्या मेगाबाइटच्या वर जाऊ नये, अशी सोय प्रोमिथियससारख्या अवजड देखरेख साधनात आहे, इथे नाही.

कार्ड अजून जुनंच आहे. त्याची झीज कमी व्हावी म्हणून डिस्कवर लिहिण्याचं अंतर 5 मिनिटांवरून वाढवलंय. वीज गेली तर मधले आकडे जातील, तेवढं मला चालतं. तासांची मूळ मुदत मात्र बदलायलाच हवी. 31 दिवस ठेवले तरी 744 ओळीच होतात, आणि बिलाचा अख्खा महिना हाताशी राहतो.