खराब नेटवर्क केबल: टोक नवं बसवावं की अख्खी केबल बदलावी?

इंटरनेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, पण केबल लावलेल्या संगणकावर वेग ९४-९५ च्या पुढे सरकत नाही. हा आकडा दिसला की संशय आधी केबलवर घ्यावा. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० एमबीपीएसला मात्र १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या चारच तारा पुरतात. उरलेल्या चारांपैकी एक तुटली, तरी नेट बंद पडत नाही. बहुतेक उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात, आणि दोष लक्षात न येता महिनोन्महिने तसाच राहतो.

संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' पाहा. तिथे १०० असेल, तर त्याच दोन पोर्टांमध्ये खात्रीची दुसरी केबल लावून बघा. आकडा १००० झाला, तर दोष जुन्या केबलचाच. मात्र जुन्या राउटरचं किंवा संगणकाचं पोर्टच १०० चं असेल, तर केबल बदलून काही होणार नाही.

केबल राउटरपासून टेबलापर्यंतची, तयार टोकांची असेल, तर विचार करत बसू नका, टाकून द्या. खटका तुटलेली, सैल बसणारी पॅच केबल दुरुस्त करण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. खरा निर्णय भिंतीतून किंवा छतावरून गेलेल्या केबलचा असतो.

तिथे माझं मत स्पष्ट आहे: आधी टोकं बघा. भिंतीत निवांत पडलेल्या केबलला सहसा काही होत नाही. ओढाताण होते ती टोकांची, आणि घाईघाईत केलेलं क्रिम्पिंगही (प्लग तारांवर दाबून बसवणं) तिथेच असतं. तारांचा पीळ दोन-तीन इंच उसवून ठेवलेला असतो, खरं तर तो १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा, टी५६८बी हा ठरलेला रंगक्रम धरला तर दोन्हीकडे तोच. काही जण रंगांच्या जोड्या ओळीने लावून मोकळे होतात. अशा केबलवर साध्या टेस्टरचे आठही दिवे नीट लागतात, कारण प्रत्येक तार टोकाला पोहोचलेली असते, पण ३ आणि ६ वर एका जोडीच्या तारा नसल्याने संदेश एकमेकांत मिसळतात आणि वेग कोसळतो. म्हणून टेस्टरच्या दिव्यांवर विसंबू नका, प्लगमधले रंग डोळ्यांनी वाचा.

नवं टोक बसवायला थोडी केबल शिल्लक हवी आणि क्रिम्पिंगचं हत्यार हवं. त्यातही प्लग ठोकण्यापेक्षा भिंतीवर सॉकेट बसवणं मला जास्त पटतं. भिंतीतली तार एकसंध, कडक असते, तिला सततची हालचाल सोसत नाही. सॉकेट असलं की ओढाताण बाहेरच्या पॅच केबलवर जाते, आणि ती बदलणं सोपं.

अख्खी केबल बदलण्याची वेळ दोन प्रसंगी येते. एक, दोष मधेच असेल: उंदराने कुरतडलेली, खिळा घुसलेली, काटकोनात मुडपलेली. काही नेटवर्क स्विचमध्ये (अनेक उपकरणं केबलने जोडणाऱ्या पेटीत) केबल तपासणीची सोय असते, ती दोष किती मीटरवर आहे तेही सांगते. दुसरं, तार तांब्याची नसून वर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल. टोक कापून छेद पाहा, बाहेर तांबूस आणि आत पांढुरकी दिसली तर ती हीच. हिचा रोध जास्त, वाकवली की तुटते, आणि त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज जात असेल तर तापतेही. केबलच्या कॅटेगरीचे (कॅट ५ई, कॅट ६ वगैरे) मानक अशा तारेला मान्यता देत नाहीत, मग आवरणावर काहीही छापलेलं असो. हिच्या टोकांवर मेहनत घेऊ नका. जुनी केबल पाइपात मोकळी सरकत असेल, तर तिच्याच टोकाला नवी बांधून ओढता येते. पाइप चोंदलेला असेल, तर भिंतीवरून केसिंग पट्टीतून न्या.

बदलायचीच तर कोणती? गिगाबिटसाठी कॅट ५ई १०० मीटरपर्यंत पुरते, २.५ गिगाबिटही तिच्यावर चालतं. तरी भिंतीत घालायची असेल तर मी कॅट ६ घेईन, कारण पुन्हा पाइप उघडणं कुणालाच नको असतं. तिच्यावर १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत जाऊ शकतं. कॅट ६ए तेच १०० मीटर नेते, पण ती जाड असते, वळणांतून ओढताना त्रास देते. घरात एवढं अंतर सहसा नसतंच. कॅट ८ चा तर विचारही नको. कुठलीही घ्या, 'शुद्ध तांबं' एवढी अट सोडू नका.

काम झाल्यावर नुसतं १००० दिसलं म्हणून थांबू नका. दोन संगणकांमध्ये मोठी फाइल हलवा आणि नेटवर्क कार्डाच्या किंवा स्विचच्या नोंदींत सीआरसी चुका, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा आकडा, वाढतायत का ते पाहा. वाढत असतील, तर टोक पुन्हा कापा.