पांडाज: हिशेबाला चोख, दाखवायला हात आखडता

पाचपैकी चार तारे. एक कापला तो कॉलमांच्या मधोमध येणाऱ्या तीन टिंबांपायी.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तक्ते हाताळायला मी रोज पांडाजच वापरते. वेस मॅकिनीने २००८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत असताना लिहायला घेतलेलं हे साधन आज सगळ्यांना फुकट मिळतं, आणि ग्रुपबाय (गटवार हिशेब), मर्ज (तक्ते जोडणं), तारखांची कामं यांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती छापण्याबद्दल.

नवीन मुलांना शिकवताना मी कॅगल या डेटाच्या संकेतस्थळावरचा एम्स शहरातल्या घरांचा डेटा घेते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली १४६० घरं, ८१ कॉलम. ज्युपिटरमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये कोड चालवायच्या वहीत, कुठल्याही पाच ओळी उचलणारं सॅम्पल(५) चालवलं की घरं पाच येतात, पण कॉलम वीसच: पहिले दहा, शेवटचे दहा आणि मध्ये टिंबं. गंमत बघा, पोहण्याच्या तलावाचा दर्जा सांगणारा कॉलम शेवटच्या दहात आहे म्हणून दिमाखात दिसतो, आणि तो १४५३ घरांत रिकामा आहे! घर कुठल्या वस्तीत आहे, बांधकाम कसं आहे, गॅरेजमध्ये गाड्या किती मावतात, म्हणजे ज्यावर किंमत ठरते ते सगळं टिंबांत गडप. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शीत तरी अख्खं दाखवा ना.

उपाय एका ओळीचा आहे: पीडी.सेट_ऑप्शन('डिस्प्ले.मॅक्स_कॉलम्स', नन). पीडी म्हणजे पांडाज, नन म्हणजे मर्यादा नाही. ज्युपिटरमध्ये एवढ्यावर भागतं, आडवं सरकवत बसायचं. टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, मात्र तक्ता ८० अक्षरांच्या रुंदीत तुकड्या-तुकड्यांनी एकाखाली एक छापला जातो आणि कुठला आकडा कुठल्या घराचा हे शोधताना डोळे शिणतात. तिथे मी टू_स्ट्रिंग() वापरून सगळं फाइलमध्ये टाकते आणि एडिटरमध्ये वर्ड रॅप (लांब ओळ मोडून खाली आणणं) बंद करून वाचते.

त्याहून आवडता मार्ग म्हणजे नमुन्याला .टी लावून तक्ता उभा करणं. कॉलमांची नावं डावीकडे, शेजारी पाच घरं. पण इथेही खोच आहेच. आता ओळी ८१ झाल्या, पांडाजची मर्यादा ६०, आणि ती ओलांडली की साठ नव्हे, फक्त दहाच ओळी दिसतात. म्हणून ओळींची मर्यादा ठरवणाऱ्या मॅक्स_रोज लाही नन द्यायचं. हे बदल सेशनभर टिकतात. पुढे लाखभर ओळींचा तक्ता चुकून छापला तर स्क्रीन धावतच सुटते. तेवढ्यापुरतंच हवं असेल तर ऑप्शन_कॉन्टेक्स्ट बरा, तो काम झालं की जुनी मर्यादा परत आणतो. आणि वर्गात सगळ्यांना तीच पाच घरं दिसायला हवी असतील तर सॅम्पलमध्ये रँडम_स्टेट द्या, आकडा कुठलाही चालेल, फक्त सगळ्यांनी तोच द्यायचा.

तक्त्यांचंच दुसरं साधन, पोलर्स, वापरून पाहिलं. ते तर मुळात आठच कॉलम दाखवतं, पण त्याचं ग्लिम्प्स झकास आहे: दर कॉलमला एक ओळ, नाव, प्रकार आणि त्यातली थोडी मूल्यं. असलं काही पांडाजमध्ये हवं होतं. कॉलमांची यादी देणारं इन्फो() आहे, पण त्यात प्रत्यक्ष मूल्यं दिसत नाहीत.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक कटकट. पांडाज काना-मात्रा वेगळी अक्षरं म्हणून मोजतं, त्यामुळे टर्मिनलमध्ये रकाने एकमेकांखाली येत नाहीत. गावांची नावं देवनागरीत असली की मी सरळ ज्युपिटर उघडते.