जनुकीय चाचणीआधी: व्हिडिओ, चॅटबॉट की कॉलवरचा समुपदेशक?

कॅन्सर आनुवंशिक आहे का हे बघायला डॉक्टरांनी जनुकीय चाचणी सांगितली आणि समुपदेशकाची तारीख लांबची मिळाली, की तीन पर्याय पुढे येतात: आधीच तयार केलेले व्हिडिओ, चॅटबॉट आणि व्हिडिओ कॉलवर भेटणारा समुपदेशक. घरबसल्या लाळ देऊन परस्पर चाचणी करायचं किट मी यात धरतच नाही. त्यातली काही किट बीआरसीएचे, म्हणजे ज्या जनुकांतल्या बिघाडानं स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो त्यांचे, मोजकेच बदल तपासतात. रोगकारक बदल हजारोंनी आहेत. मग ‘काही सापडलं नाही’ याला अर्थ किती उरला?

व्हिडिओचं काम सरळ. पॅनेल (एकाच वेळी अनेक जनुकं तपासणारी चाचणी) म्हणजे काय, संमती कशाला द्यायची, नात्यातल्या माणसांना काय कळू शकतं, हे माणसागणिक बदलत नाही. केमोनंतर डोकं चालत नसेल तर उद्या बघावा, बहिणीला पाठवावा. प्रश्न मात्र विचारता येत नाही.

चॅटबॉट प्रश्न घेतो, तेही रात्री दोन वाजता आणि न कंटाळता. नातेवाइकांना पाठवायच्या पत्राचा मसुदाही बरा करून देतो. माझं बिनसतं ते घराण्याचा इतिहास भरताना. ‘आत्याला कोणता कॅन्सर होता?’ घरात सगळे म्हणतात, ‘पिशवीचा.’ समोर तीन बटणं: अंडाशय, गर्भाशय, गर्भाशयमुख. माणूस अंदाजानं एक दाबतो आणि बॉट पुढे सरकतो. इथेच घात होतो. अंडाशयाचा असेल तर बीआरसीएचा संशय वाढतो. गर्भाशयाच्या अस्तराचा असेल तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा, विचार करावा लागतो. गर्भाशयमुखाचा असेल तर कारण बहुधा एचपीव्ही हा विषाणू, आनुवंशिकतेशी फारसा संबंध नाही. समुपदेशक याच जागी थांबून विचारतो: पोटात पाणी झालं होतं का? पाळी गेल्यावर रक्त जायचं का? ऑपरेशनचा कागद कुणाकडे असेल? ‘पोटाचा कॅन्सर’ या शब्दाचंही तेच. त्यात जठरापासून आतड्यापर्यंत काहीही निघतं.

दुसरी फसगत ‘आधी जनुकीय चाचणी झाली आहे का?’ या प्रश्नाची. गाठीच्या तुकड्यावर झालेली चाचणी आठवून रुग्ण ‘हो’ म्हणतो. पण गाठीतले बरेच बदल तिथेच घडलेले असतात. जन्मजात बदल तपासायला रक्त किंवा लाळ वेगळी द्यावी लागते. ‘हो’ला अडवून कुणी फेरप्रश्न केला नाही तर चाचणी राहूनच जाते.

अर्थात, अंडाशयाच्या किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये घराण्यात कुणाला काय झालं हे न बघताही चाचणी सुचवतात. तिथे व्हिडिओ बघून, संमती देऊन नमुना देणं पुरेसं ठरावं. बीआरसीएत बिघाड असेल तर जास्त उपयोगी पडणारं ओलापॅरिबसारखं औषध द्यायचं की नाही हे निकालावर ठरणार असेल, तर तारखेची वाट बघण्यात हशील नाही.

निकाल आल्यावर मात्र माझं पारडं माणसाकडे झुकतं. रिपोर्टात ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ न लागलेला बदल, असेल तर त्याच्या जोरावर अंडाशय काढायचा निर्णय घेत नाहीत. पुन्हा वर्गवारी होते तेव्हा असे बदल बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतात. बॉट हे वाक्य सांगेलही. पण आईला चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर निकालात काही सापडलं नाही तरी लेकीची तपासणी कधीपासून सुरू करायची, हे वंशावळ समोर ठेवूनच ठरतं.

तेव्हा आधी व्हिडिओ, अधल्यामधल्या शंकांना बॉट, आणि निकालाला कॉल. कॉलआधी आईकडच्या आणि वडिलांकडच्या तीन पिढ्या कागदावर मांडाव्यात: अवयव, निदानाचं वय (मृत्यूचं नव्हे), मिळाला तर बायॉप्सी रिपोर्ट. दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवली असेल तर ते आधी सांगा. रक्तात आणि लाळेतही दात्याचा डीएनए येतो, म्हणून मग त्वचेचा नमुना घ्यावा लागतो.