गरबा, लग्न की चित्रे: फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप निवडताना

बडोद्यात छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांकडे ढोबळमानाने तीन प्रकारची कामे येतात: नवरात्रातल्या गरब्याची रात्रीची छायाचित्रे, लग्नांचे अल्बम आणि चित्रकारांच्या कलाकृतींची छपाईसाठी घेतलेली छायाचित्रे. सॉफ्टवेअर बहुधा तेच असले, तरी प्रत्येक कामाचा ताण लॅपटॉपच्या वेगळ्या भागावर येतो.

गरब्याची छायाचित्रे उच्च आयएसओवर (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता वाढवून) घ्यावी लागत असल्यामुळे त्यांत दाणेदारपणा हमखास येतो. तो काढण्यासाठी लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३ मध्ये आलेली ‘डीनॉइज’ ही सोय जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक्स चिपवर चालते. त्यामुळे एका रात्रीच्या शेकडो फाइल्स सकाळपर्यंत द्यायच्या असतील, तर ८ जीबी ग्राफिक्स मेमरी असलेला एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेतली ग्राफिक्स चिप बसवलेला विंडोज लॅपटॉप त्याच किमतीच्या, स्वतंत्र ग्राफिक्स नसलेल्या लॅपटॉपपेक्षा मला निःसंशय उजवा वाटतो. मात्र असे लॅपटॉप चार्जर काढताच बरेच मंदावतात. मॅकबुक प्रो बॅटरीवरही जवळजवळ तोच वेग राखतो, आणि लग्नाच्या हॉलमध्येच संध्याकाळच्या स्लाइड शोची तयारी करणाऱ्यांसाठी ही बाब निर्णायक ठरू शकते.

अल्बमच्या कामात मात्र मुख्य मेमरी (रॅम) आधी कमी पडते. ४५ मेगापिक्सेलचे छायाचित्र फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्ये उघडले, तर त्याचा एकच पूर्ण थर सुमारे २७० एमबी जागा घेतो. त्यावर त्वचेचे, दागिन्यांचे आणि पार्श्वभूमीचे थर चढले, हिस्टरी (केलेल्या बदलांची नोंद) साठत गेली आणि शेजारी लाइटरूमही उघडे राहिले, की १६ जीबी मेमरी भरते आणि संगणक त्याऐवजी साठवणीच्या एसएसडीचा आधार घेऊ लागल्याने काम अडखळते. व्यवसायासाठी ३२ जीबी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅकबुकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि अनेक पातळ विंडोज लॅपटॉपमध्येही ती बोर्डावर सोल्डर केलेली असते, म्हणून हा निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो. जाडसर गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन स्लॉट मिळतात, आणि पैसे टप्प्याटप्प्याने घालणाऱ्याला हा मोठाच आधार आहे.

त्याच गेमिंग लॅपटॉपच्या स्वस्त मॉडेलांचा खरा दोष पडद्यात असतो. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगव्याप्तीचे एक जुने माप) असे लिहिले असेल, तर तो पडदा एसआरजीबी या सर्वसाधारण प्रमाण रंगसंचातले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवतो. अशा पडद्यावर शालूचा लाल रंग फिका दिसतो, तो आपण वाढवतो आणि अल्बम छापून आल्यावर तो भडक निघतो. लग्नाच्या कामासाठी १०० टक्के एसआरजीबी ही किमान अट मानावी. चित्रांच्या छपाईसाठी तेवढ्याने भागत नाही. तिथे डीसीआय-पी३ या त्याहून मोठ्या रंगसंचाचे जवळजवळ सर्व रंग दाखवणारा पडदा घ्यावा, शक्य असल्यास अॅडोबी आरजीबी या छपाईच्या कामात वापरल्या जाणाऱ्या रंगसंचाला पुरणारा वेगळा मॉनिटर जोडावा आणि पडद्याचे रंग अचूक जुळवणाऱ्या कॅलिब्रेटरचा खर्च बजेटमध्ये आधीच धरावा.

मॅकबुक एअर हलका आहे आणि थोड्या फाइल्ससाठी पुरेसा वेगवानही आहे, परंतु त्यात पंखा नसल्यामुळे दीर्घ एक्स्पोर्टमध्ये तो तापून वेग कमी करतो. अॅपलने लॅपटॉप वापरण्यासाठी सांगितलेली तापमानमर्यादा १० ते ३५ अंश सेल्सिअस आहे आणि बडोद्यात मे महिन्यात दुपारचा पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे वातानुकूलन नसलेल्या खोलीत तासन्‌तास काम करणाऱ्याने पंखा असलेलाच लॅपटॉप घ्यावा.

साठवणीसाठी १ टीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी चालू कामांना पुरते. जुनी कामे बाह्य डिस्कवर, दोन प्रतींत ठेवावीत. प्रोसेसरच्या वरच्या श्रेणीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याऐवजी, गरब्याचे काम मुख्य असेल तर ते ग्राफिक्सवर, अल्बमचे असेल तर मेमरीवर आणि चित्रांचे असेल तर पडद्यावर खर्च करावेत.