ठाण्यातील एका छोट्या भूशास्त्र विभागाविषयी: तीन वर्षांच्या अनुभवावरून

बी.एस्सी.ला मुलाने भूशास्त्र घ्यावे का, असे यंदाच्या जूनमध्ये ओळखीच्या तीन पालकांनी मला विचारले, कारण ठाण्यातील एका महाविद्यालयातून याच विषयात मी नुकतीच पदवी घेतली आहे. महाविद्यालयाचे नाव मी देत नाही. माझी तक्रार व्यवस्थापनाच्या अनास्थेविषयी आहे आणि तिची झळ शिक्षकांना लागू नये, असे मला मनापासून वाटते.

शिकवण्यात मी या विभागाला पूर्ण गुण देईन. एक कायमस्वरूपी प्राध्यापिका आणि तासिका तत्त्वावरील एक सर, एवढ्या दोघांनी खनिजांपासून जीवाश्मांपर्यंत सगळे शिकवले. दुसऱ्या वर्षी बाईंनी प्रत्येकाला खडकाचा पातळ छेद स्वतः करायला लावला. खडक घासण्याचे यंत्र बंदच होते, त्यामुळे काचपट्टीवर चिकटवलेली बेसाल्टची चकती जाड काचेवर कार्बोरंडमची (घासण्याची कठीण) पूड आणि पाणी घालून हातानेच ०.०३ मिलिमीटरपर्यंत झिजवावी लागली. बोटांची टोके सोलवटली, आणि माझे पहिले दोन छेद अगदी शेवटी पुसूनच गेले. तिसरा टिकला. तो ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली, प्रकाश गाळणारे दोन ध्रुवक (निकोल) एकमेकांना काटकोनात ठेवून पाहिला तेव्हा त्या काळपट दगडात प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या करड्या-पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध ऑजाइट या दुसऱ्या खनिजाचे निळे-नारिंगी कण दिसले. छेद ठेवलेला मंच फिरवला की एकेक पट्टी विझत असे आणि पुन्हा उजळत असे. हा विषय मी सोडला नाही, तो त्या दुपारमुळे. मात्र सहा सूक्ष्मदर्शकांपैकी दोनच चालू होते, आणि पाहण्यासाठी रांग लावावी लागे.

क्षेत्रभेटींची स्थिती याहून वाईट आहे, आणि ठाण्यात राहून ती तशी असावी याचे दुःख अधिक होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे दख्खनचे लाव्हाथर घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे आहेत. तेच पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कलतात, आणि या वाकणीलाच 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीचे गरम पाण्याचे झरेही आमच्याच जिल्ह्यात आहेत. हे सगळे लोकल आणि एसटीने गाठता येते, तरी तीन वर्षांत आमच्या दोनच भेटी झाल्या, त्याही एकेका दिवसाच्या आणि स्वखर्चाने. दगडखाणीत शिरायला परवानगी लागते आणि त्यासाठीचे पत्र कार्यालयातून वेळेवर निघत नसे. थरांची दिशा आणि कल मोजण्याचा क्लिनोमीटर कंपास सात जणांत एक होता.

मूळ अडचण विद्यार्थिसंख्येची आहे. आमच्या वर्गातील एकानेही अकरावी-बारावीला भूशास्त्र घेतलेले नव्हते. बहुतेकांना ते प्रवेशाच्या खिडकीवर, संगणकशास्त्राच्या जागा भरल्यानंतर सुचवले गेले. विद्यार्थी कमी म्हणून कार्यभार कमी, कार्यभार कमी म्हणून निवृत्त शिक्षकाची जागा रिकामी, आणि शिक्षक नाहीत म्हणून पुढच्या वर्षी विद्यार्थी आणखी कमी, असे हे चक्र आहे. तिसऱ्या वर्षी आम्ही सातच उरलो, तेव्हा विषय बंद करून आम्हाला दुसरीकडे पाठवण्याची चर्चा सुरू झाली आणि दोन महिने आम्ही टांगणीला लागलो. त्या काळात सर मानधनाशिवाय येऊन शिकवत राहिले. वास्तविक बुलेट ट्रेनच्या वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या बोगद्यातील ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात आणि ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यांचे काम डोंगराखाली चालले आहे; अशा कामांत खडक कोठे भेगाळलेला आहे आणि पाणी कोठून झिरपेल, हे सांगणारी माणसे लागतात. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

पुढे काय, असे पालक विचारतात. केवळ बी.एस्सी.वर फारसे हाती लागत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. संघ लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवी लागते, आयआयटीतील एम.एस्सी.साठी 'जॅम' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिची तयारी बाईंनी आमच्याकडून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून करून घेतली.

दगड हातात घेऊन पाहायची खरी ओढ असेल, तर हा विभाग मी सुचवेन. अर्ज भरण्याआधी मात्र प्रयोगशाळेत जाऊन चालू सूक्ष्मदर्शक किती आहेत ते पाहावे आणि हा विषय तिसऱ्या वर्षापर्यंत याच महाविद्यालयात चालेल, असे प्राचार्यांकडून लेखी घ्यावे. आम्ही तोंडी शब्दावर राहिलो होतो.