जेएसएफमध्ये फॉर्म मांडायचा: पॅनलग्रिड, प्राइमफेसेसचा ग्रिड की साधे डिव्ह?

जेएसएफवर, म्हणजे जावात वेब पानं बनवायच्या फ्रेमवर्कवर, नवा फॉर्म करायला घेतला की पहिल्याच तासात हा प्रश्न येतो. (आता त्याला जकार्ता फेसेस म्हणतात, पण नाशिकच्या ऑफिसांत अजून जेएसएफच चालतं.) लेबल आणि माहिती भरायची खोकी एका रेषेत कशी आणायची? पर्याय तीन. फ्रेमवर्कबरोबर येणारा, पानावर एचटीएमएल टेबल काढणारा पॅनलग्रिड; प्राइमफेसेस या जेएसएफच्या जादा लायब्ररीचा त्याच नावाचा पण ओळी-रकाने समजणारा ग्रिड; किंवा टेबल सोडून डिव्ह (एचटीएमएलचा साधा डबा) आणि सीएसएस ग्रिड (ब्राउझरची ओळी-रकान्यांची मांडणी). मी तिन्ही वापरले आहेत आणि तिन्हींवर चिडलोही आहे.

पॅनलग्रिडची गोडी पहिल्या दिवशी कळते. ‘कॉलम्स’मध्ये तीन लिहायचं आणि आत लेबल, खोकं, चूक दाखवणारा संदेश असं ओळीने टाकत जायचं. टेबलाच्या ओळी-रकान्यांचा टॅग हाताने लिहावा लागत नाही. शिवाय मराठी लेबलं लांब असतात. ‘शेतकऱ्याचे संपूर्ण नाव’ आणि ‘गाव’ एकाखाली एक आले तरी टेबल सगळ्यात लांब लेबलाएवढा रकाना आपोआप धरतं. ठरावीक टक्क्यांचे रकाने दिलेल्या मांडणीत हेच लेबल दोन ओळींत मोडतं आणि फॉर्म पायऱ्या उतरल्यासारखा दिसतो.

पण पॅनलग्रिड फक्त मोजतो. आतलं प्रत्येक अपत्य (थेट आत लिहिलेला टॅग) म्हणजे एक घर, तीन झाली की नवी ओळ. कुठलं लेबल कुठल्या खोक्याचं, हे त्याच्या गावीही नसतं.

लासलगावकडच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर आमचा खरेदीचा फॉर्म चालतो. उन्हाळ कांदा निवडला की ‘चाळीतला की ताजा’ असा एक जादा प्रश्न दिसायचा, लाल कांद्याला तो लपायचा. लपवायला मी लेबल आणि खोकं दोघांवर ‘रेंडर्ड’ची (पानावर उमटायचं की नाही याची) अट घातली, तिसऱ्यावर, म्हणजे संदेशावर, घालायची राहिली. चाचणी उन्हाळ्यात झाली, त्यामुळे सगळं ठीक दिसलं. लाल कांदा सुरू झाला आणि दिवाणजींचा फोन आला: “तोलाई भरली तरी लाल अक्षरं जाईनात.” झालं असं होतं की न रेंडर होणाऱ्या अपत्याला पॅनलग्रिड मोजतच नाही. दोन घरं गेली, उरलेला रिकामा संदेश पहिल्या रकान्यात येऊन बसला आणि त्याखालचं सगळं एक घर उजवीकडे सरकलं. हमालीचा संदेश तोलाईच्या लेबलाशेजारी आला. दिवाणजी बिचारे तोलाई पुन्हा पुन्हा भरत होते, आणि रिकामी होती हमाली.

इलाज साधा आहे. अटीवरची गोष्ट कायम दिसणाऱ्या पॅनलग्रुपच्या (अनेक गोष्टी एकत्र बांधणाऱ्या टॅगच्या) आत ठेवायची, म्हणजे आतलं लपलं तरी घर जागेवर राहतं. एका घरात दोन गोष्टी हव्या असतील, उदाहरणार्थ वजनाचं खोकं आणि पुढे ‘क्विंटल’, तरी पॅनलग्रुपच लागतो. अशा सात-आठ जागा झाल्या की ‘टॅग वाचले’ हा फायदा संपतो. मोजणीचे आणखी दोन चटके: एचटीएमएल कॉमेंटसुद्धा घर अडवू शकते (कॉमेंट वगळायचं सेटिंग वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये करून टाका), आणि यूआय रिपीट या यादी फिरवणाऱ्या टॅगमधून आलेली सगळी खोकी एकाच घरात कोंबली जातात.

अजॅक्सचं, म्हणजे पूर्ण पान न बदलता त्याचा तुकडाच ताजा करण्याचं, दुखणं वेगळं. पॅनलग्रिडच्या ओळीला स्वतःचा आयडी नसतो, त्यामुळे ओळ दाखवायची-लपवायची तर सहसा अख्खा ग्रिड ताजा करावा लागतो. त्या वेळी सर्व्हरकडे फक्त अट ठरवणारा ड्रॉपडाउनच पाठवलात, तर वापरणाऱ्याने बाकी खोक्यांत नुकतं भरलेलं पुसलं जाऊन जुनी मूल्यं परत येतात. लिलाव चालू असताना ट्रॅक्टरचा नंबर तिसऱ्यांदा भरणारा माणूस काय बोलतो, ते इथे लिहिता येणार नाही.

प्राइमफेसेसच्या ग्रिडमध्ये ओळ आणि रकाना स्वतंत्र टॅगने लिहिता येतात, म्हणून गडबड झाली तरी त्या ओळीपुरती राहते. कोलस्पॅन, रोस्पॅनही (एक घर अनेक रकान्यांत किंवा ओळींत पसरवायची सोय) मिळतात. मूळ पॅनलग्रिडमध्ये त्यांची सोयच नाही. ‘पत्ता’ दोन रकान्यांत पसरायचा असेल तर एवढं कारण पुरे. तुमचा प्रकल्प आधीच प्राइमफेसेसवर असेल तर मूळ पॅनलग्रिडकडे जाऊच नका. निव्वळ मांडणीसाठी ती लायब्ररी आणू नका मात्र; तिच्यासोबत थीम येते आणि मग बटणांच्या रंगावर बैठका होतात.

डिव्ह आणि सीएसएस ग्रिड हा आजचा सरळ रस्ता. मार्च 2017 पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघांत तो आहे, आणि टेबल मांडणीसाठी वापरू नका हे तर एचटीएमएल 4.01 ने 1999 मध्येच सांगून ठेवलं होतं. इनपुटचे कंपोनंट तेच राहतात, बदलतं ते फक्त भोवतालचं वेष्टन. पण इथे आलो म्हणजे मोजणीतून सुटलो, असं समजू नका. लेबल-खोकं-संदेश थेट ग्रिडमध्ये टाकले तर ब्राउझरही मोजूनच बसवतो, आणि त्याचं गणित आणखी वाईट: आयडी न दिलेला संदेश, चूक नसेल तेव्हा पानावर काहीच उमटवत नाही. म्हणजे फॉर्म सुरुवातीपासूनच सरकलेला. म्हणून क्लास लावून लेबलाला पहिला, खोक्याला दुसरा, संदेशाला तिसरा रकाना नेमून द्या. मग मधलं काहीही लपो, पुढचं लेबल नव्या ओळीच्या सुरुवातीलाच येतं. पहिल्या रकान्याची रुंदी ‘मॅक्स कंटेंट’ (सगळ्यात लांब मजकुराएवढी) ठेवलीत की लांब लेबलांची टेबलासारखी सोयही मिळते.

मोबाइलचा मुद्दा लोक उगाच मोठा करतात. मीडिया क्वेरीत (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागणाऱ्या सीएसएसमध्ये) टेबलाच्या घरांना ‘ब्लॉक’ केलं की पॅनलग्रिडही उभा होतो, पाच-सहा ओळींचं काम. स्क्रीन रीडरला हे टेबल फक्त मांडणीचं आहे हे कळावं म्हणून त्याला ‘प्रेझेंटेशन’ हा रोल द्यायला विसरू नका, जेएसएफ 2.2 पासून तो पास-थ्रू ॲट्रिब्यूटने (जसाच्या तसा एचटीएमएलमध्ये जाणाऱ्या गुणाने) देता येतो.

मी निवडतो ते असं. लॉगिन, पासवर्ड बदल, चार खोक्यांचा मास्टर (गावांसारखी कायमची यादी भरायचं पान), जिथे काही लपत-उगवत नाही, तिथे बिनधास्त पॅनलग्रिड. दोन अटी आल्या की डिव्ह. पूर्ण पान प्राइमफेसेसचं असेल तर त्याचा ग्रिड, ओळी लिहून. खळ्यावरचा खरेदीचा फॉर्म मी त्या फोननंतर सीएसएस ग्रिडवर नेला. त्याच सॉफ्टवेअरमधली गावांची, हमालांची आणि वाहनांची मास्टर पानं अजून पॅनलग्रिडवरच आहेत, आणि त्यांना हात लावायचं कारण मला सापडलेलं नाही.